रेमिक रॅपिड्सचे दगड आणि अण्णांचा आक्षेप

ओटावातल्या आमच्या कट्ट्यावर शनिवारी अण्णांनी पुन्हा तोच विषय काढला: इथल्या नदीकाठी रेमिक रॅपिड्सला दगडावर दगड तोलून रचलेली शिल्पे. "ज्याने वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्याने दगडावर ठेवलेले दगड पाहायला नदीकाठी कशासाठी जायचे?" अण्णांच्या लेखी जगातील प्रत्येक गोष्ट वेरूळपुढे कमीच असते, नायगाराही त्यातून सुटलेला नाही.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, वेरूळ बाराशे वर्षे जागेवर आहे. इथले दगड हिवाळ्यातला बर्फ आणि वसंतातला पूर पाडून टाकतात, आणि शिल्पकार जॉन फेलिस सेप्रानो उन्हाळ्यात ते नव्याने उभे करतात. १९८६ साली त्यांनी हे काम सुरू केले. पडणार हे ठाऊक असताना पुन्हा रचायला बसणे, याला तुम्ही हलके काम म्हणता?"

"आत सिमेंट असेल," अण्णा पुटपुटले.

यावर भाऊंमधला इंजिनिअर जागा झाला. तीन बारीक टेकू सापडले आणि वरच्या दगडाचा भार त्या तिघांच्या मधोमध उतरला, तर सिमेंट लागत नाही, हे त्यांनी टेबलावरच्या चमच्यांनी दाखवायचा प्रयत्न केला. मला मात्र तो चुनखडक आठवत होता. इथला हा खडक सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा आहे. जवळ जाऊन पाहिले, तर त्यात शंखशिंपल्यांचे ठसे दिसतात. असा ओबडधोबड, जड दगड अंगठ्याएवढ्या टोकावर तोललेला पाहताना माझा श्वास खरोखर अडखळतो.

"मग माझ्या नातवाने तिथे चार दगड रचले, तर एवढा गहजब का?" अण्णांनी विचारले.

"कारण ते चार दगड त्याने सेप्रानोंच्या रचनेजवळून उचलले होते," वहिनी म्हणाल्या. "शिवाय दगडाखाली कोणाचे तरी घर असते. अ‍ॅपलॅशियन डोंगरांतल्या ओढ्यांत हेलबेंडर नावाचा मोठा सॅलॅमँडर सपाट दगडाखालीच अंडी घालतो. हौशी लोकांनी तेच दगड उचलून मनोरे रचले, की त्याची वीण बुडते. पाहायला जरूर जावे, हात मात्र लावू नये."

वहिनींचे म्हणणे मला शब्दन् शब्द पटते.

तेवढ्यात भाऊंना अण्णांनी उभारलेले गणपतीचे मखर आठवले. खिळे, दोरी, डिंक असे सगळे वापरूनही ते ऐन आरतीत आडवे झाले होते. सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले आणि डोळे पुसत म्हणाले, "बरे, उद्या गाडी कोण काढतो आहे?"