सात मात्रांचा दणका

पुण्यात बहिणीच्या घरी सध्या दोन पक्ष पडलेत. भाच्याने मित्रांसोबत ग्रंज, म्हणजे जड, खरखरीत गिटारचं रॉक, वाजवणारा बँड काढलाय, तालीम फ्लॅटमध्येच चालते, आणि सोसायटीची लेखी नोटीस आलीय. भाऊजींची तक्रार मात्र आवाजाची नाही. ‘हे आपलं संगीत नव्हे’ हे त्यांचं पालुपद. भाचा चिडून मला फोन करतो, कारण मावशी अमेरिकेत सिअ‍ॅटलला, म्हणजे ग्रंजच्या माहेरी राहते.

खरं तर इथे आले तेव्हा ग्रंज म्हणजे चौकटीचे शर्ट आणि न विंचरलेले केस एवढंच मला ठाऊक होतं. मग शेजाऱ्याच्या गाडीत साउंडगार्डन ऐकला. १९८४ साली निघालेला हा इथलाच बँड. नावही इथल्याच एका शिल्पावरून घेतलेलं: लेक वॉशिंग्टनच्या काठी पोलादी खांबांवर नळ्या बसवल्यात, वारा सुटला की त्या घुमतात. बँडचा नादही तसाच खालून येतो. बऱ्याच गाण्यांत गिटारची सगळ्यांत जाड तार एक पूर्ण सूर उतरवलेली असते, त्यामुळे एकाच बोटाने तीन तारा दाबून भरदार घुमारा काढता येतो. पंक रॉकचा संताप आहे, पण धावपळ नाही. चाल चिखलातून ओढलेल्या बैलगाडीची. आणि वर गायक ख्रिस कॉर्नेलचा गळा, तार सप्तकात बिनधास्त चढणारा.

‘स्पूनमन’ हे त्यांचं १९९४चं गाणं इथल्याच रस्त्यांवर चमचे वाजवणाऱ्या एका कलाकारावर आहे, आणि गाण्यातले चमचेही त्यानेच वाजवलेत. ऐकता ऐकता मी सवयीने बोटांवर मात्रा मोजल्या. सात! रॉकचा हिशेब बहुतेक चाराचा असतो. हा तर आपला रूपक ताल, म्हणून मी हरखले. (रूपकात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी नसून ‘खाली’ असते, इथे त्याच मात्रेवर दणका, तेव्हा नातं फक्त आकड्याचं, हे मान्य.) त्यात गिटारवादक किम थायिल. जन्म सिअ‍ॅटलचा, वाढला शिकागोजवळ, आईवडील केरळचे.

लगेच भाऊजींना मेसेज लिहायला घेतला: गिटारवाला आपला, ताल आपला, आता बोला! आणि पाठवायच्या आधी पुसून टाकला. म्हणजे पोराला गिटार वाजवायची मुभा हवी, तर आधी त्याची वंशावळ सिद्ध करायची? ‘भारतीय वंशाचा’ असा शिक्का बसला की परकं आपलं होतं, हा आपला जुना खेळ. भाऊजी ‘आपलं नाही’ म्हणतात आणि मी ‘आपलंच आहे’ म्हणते; मापपट्टी दोघांची एकच. थायिलने वाजवलं ते त्याला सुचलं म्हणून. केरळला विचारून नव्हे.

इथलं सगळं गोड होतं असंही नाही. १९८५ साली सिअ‍ॅटलने कायदा केला: अठराखालच्या मुलांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवायचा तर आयोजकाने १० लाख डॉलरचा विमा काढायचा, शिवाय ड्यूटीवर नसलेले पोलीस पदरमोड करून बंदोबस्ताला ठेवायचे. तो रद्द झाला २००२ साली. म्हणजे ग्रंजने शहराचं नाव जगभर नेलं, ती सगळी वर्षं हा कायदा लागू होता. आज सिअ‍ॅटलच्या सी-टॅक विमानतळावर सब पॉप या रेकॉर्ड कंपनीचं दुकान आहे. साउंडगार्डनची पहिली रेकॉर्ड १९८७ मध्ये काढणारी हीच कंपनी. ज्या पोरांची शहराला धास्ती होती, त्यांच्या नावाचे टी-शर्ट आता प्रवासी भेट म्हणून नेतात.

सोसायटीच्या नोटिशीबद्दल मात्र मी निम्मी तिच्याच बाजूने आहे. वरच्या मजल्यावर दहावीची मुलगी आहे, आणि फ्लॅटच्या भिंतीला कान लावावा लागत नाही. इथल्या पोरांना गॅरेज मिळतं, तळघर मिळतं. तिथे त्यांची सुरुवातीची बेसूर वर्षं कुणाच्या कानावर न पडता निघून जातात. भाच्याला तेवढीच जागा हवी आहे. संस्कृतीवरच्या वादातून ती मिळणार नाही, तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये, म्हणजे तालमीच्या खोलीत मिळेल.

भाऊजींनी सरळ ‘मला आवडत नाही’ म्हणावं. माझी त्याला हरकत नाही. साउंडगार्डनची निम्मी गाणी मलाही झेपत नाहीत. जॅमरूमचे पहिल्या महिन्याचे पैसे मी पाठवलेत. ड्रम अजून बाल्कनीत आहेत, वर जुनी चादर टाकून.