‘दोन्ही बाजू शिकवा’ आणि डोव्हरचा खटला

‘उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, तेव्हा ईश्वराने सृष्टी घडवली हेही सरकारी शाळांत शिकवा, मुले आपले आपण ठरवतील, आणि याला विरोध करणारे धर्मद्वेष्टे आहेत’ हा युक्तिवाद अमेरिकेत वारंवार केला जातो. पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने तो ‘बुद्धिमान रचना’ (म्हणजे सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की ते कोणा बुद्धिमान रचनाकारानेच घडवले असणार) या नावाने अमलात आणू पाहिला, आणि २००५ साली तो न्यायालयात तपासला गेला.

आधी ‘थिअरी’. बोलताना आपण अंदाजालाही थिअरी म्हणतो. विज्ञानात मात्र जिच्यावरून भाकीत करता येते आणि ते चुकल्यास जी अडचणीत येते, अशा मांडणीला हा शब्द आहे. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझीत २४. उत्क्रांती म्हणते तसा दोघांचा पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गळून पडली असती तर ते जिवावर बेतले असते. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असावीत आणि तो सांधा दिसावा. तो दिसतो. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारा डीएनएचा ठरावीक क्रम माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात चक्क आतल्या भागात सापडतो. हा पुरावा डोव्हरच्या खटल्यात मांडणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत, हे धर्मद्वेषाचा आरोप करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. (माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला, असा मुद्दा २०१८ साली औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही मांडला होता, सांधा मात्र ज्याच्या त्याच्या पेशीत आहे.)

‘बुद्धिमान रचनेचा धर्माशी संबंध नाही’ हा दावा त्याच पक्षाच्या पुस्तकाने उघडा पाडला. उत्क्रांती शिकवायची तर सृष्टिनिर्मितीवादही शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा, तो सरकारी शाळांत धर्माचा पुरस्कार करतो म्हणून, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली रद्द केला, आणि त्यानंतर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाच्या मसुद्यांत ‘क्रिएशनिस्ट्स’च्या (सृष्टिनिर्मितीवादी) जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ (रचनेचे पुरस्कर्ते) आले. एके ठिकाणी ही बदलाबदली अर्धवटच झाली: जुन्या शब्दाचा ‘सी’ पुढे आणि ‘इस्ट्स’ मागे तसाच राहून ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असा भलताच शब्द मसुद्यात उरला.

राहिले ‘मुले ठरवतील’. या पक्षाचे साक्षीदार मायकेल बीही यांनी उलटतपासणीत मान्य केले की, वैज्ञानिक थिअरीच्या त्यांच्या व्याख्येत फलज्योतिषही बसते. मग बाजू दोनच का?

खटल्याचे न्यायाधीश जॉन जोन्स यांना परंपरावादी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमले होते. त्यांच्या १३९ पानी निकालाने मनाई केली ती विज्ञानाच्या तासाला ‘बुद्धिमान रचना’ शिकवण्यास. निरनिराळ्या धर्मांची ओळख इतिहासाच्या वर्गात करून देण्यास अमेरिकेतील सरकारी शाळांना आडकाठी नाही.