हिरवी लेस, पिवळी लेस

आज संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबेल, पण वाचा.

ताईचा फोन आला होता. भाचा अकरावी सायन्सला आहे, पुण्यात जेईईचा क्लास लावलाय. दीड महिना झाला, दोन चाचण्या झाल्या, दोन्हींत मार्क कमी पडले. आज त्याला वरच्या बॅचमधून काढून खालच्या बॅचला टाकलं. ओळखपत्राची हिरवी लेस काढून घेतली आणि पिवळी हातात दिली, सगळ्या वर्गासमोर. पोरगं घरी येताना ती लेस गळ्यातून काढून, गुंडाळून खिशात घालून आलं आणि न जेवता झोपलं. सोळा वर्षांचं पोर. दोन चाचण्या!

फोन ठेवला आणि मला अमेरिकेतलं ब्लॅक्सबर्ग आठवलं. ११ सप्टेंबर २०१०, शनिवार. एमएस करायला व्हर्जिनिया टेकला जाऊन मला जेमतेम महिना झाला होता. रूममेटला जमत नव्हतं, त्याच्या तिकिटावर लेन स्टेडियमला गेलो. खेळ फुटबॉल, पण आपला नव्हे, हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात तो. साठ हजारांवर माणूस, जिकडेतिकडे कॉलेजचे मरून आणि केशरी रंग, आणि वरून पाऊस. मोसम सुरू झाला तेव्हा टेक देशात दहाव्या नंबरवर होतं. पाचच दिवसांपूर्वी पहिला सामना बॉयसी स्टेटने शेवटच्या दीड मिनिटात हिसकावला होता, ३३-३०. आज समोर जेम्स मॅडिसन, खालच्या विभागातला संघ. म्हणजे आज जिंकणारच, असं सगळे धरून चाललेले.

हरले. २१-१६. शेवटी शेवटी डॅरन एव्हान्स चेंडू घेऊन त्यांच्या गोलच्या जवळ पोचला होता, तिथे त्याच्या हातून तो सुटला. आदल्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण मोसम बाहेर बसलेला पोरगा, आणि परत आल्यावर हे.

माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते. सामना संपल्यावर त्यांनी बसायची भिजलेली उशी पिळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि मला म्हणाले, शनिवारी भेटू. एवढंच. शिवी नाही, कोणाला काढा म्हणणं नाही.

आणि मग काय झालं? पुढच्या शनिवारी ईस्ट कॅरोलायनाला ४९-२७ हरवलं. मग बोस्टन कॉलेज, १९-०. एनसी स्टेटविरुद्ध ०-१७ असे मागे पडूनही ४१-३० जिंकले. असे ओळीने अकरा सामने! ४ डिसेंबरला शार्लटमध्ये फ्लोरिडा स्टेटला ४४-३३ हरवून एसीसी चॅम्पियन झाले. एसीसी म्हणजे टेक ज्या कॉलेज-गटात खेळायचं तो गट, आणि त्या गटात एकही सामना न हरता.

मला सांगायचंय ते पुढचं आहे. त्या अकरा सामन्यांत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, तोच होता, टायरॉड टेलर. कोच तेच, फ्रँक बीमर. ज्याच्या हातून चेंडू सुटला तो एव्हान्सही तोच, आणि त्या मोसमात संघासाठी धावून सगळ्यांत जास्त यार्ड त्यानेच काढले. कोणाची लेस बदलली नव्हती हो!

बीमर १९८७ पासून तिथे होते. १९९२ मध्ये त्यांचा संघ अकरापैकी दोनच सामने जिंकला होता. तरी कॉलेजने त्यांना ठेवलं. पुढच्या वर्षी नऊ जिंकले, आणि तिथून २०१५ ला निवृत्त होईपर्यंत एकही वर्ष बोल सामन्याशिवाय, म्हणजे मोसमाअखेर चांगल्या संघांनाच मिळणाऱ्या मानाच्या सामन्याशिवाय, गेलं नाही. १९९२ लाच हाकलला असता तर २०१० ला तो पावसातला संघ सावरायला कोण होतं?

हो, मान्य, त्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, ऑरेंज बोलमध्ये, स्टॅनफर्डने टेकला ४०-१२ असं धुतलं. आणि तिथेही दुसरीकडे कोचला वर्षा-दोन वर्षांत घरी पाठवतात, तेही ठाऊक आहे. क्लासवाल्यांनाही बॅचेस पाडाव्याच लागतात, ठीक. पण गळ्यात रंग कशाला? वर्गासमोर कशाला? दीड लाख फी घेताना पोरगं हुशार आहे म्हणालात, दीड महिन्यात मत बदललं? त्याला कुठे अडतंय हे एकदा तरी शेजारी बसून बघितलंत का?

राग येतोय कारण मी स्वतः त्या सप्टेंबरमध्ये पहिल्या परीक्षेत सपाटून आपटलो होतो. पेपर हातात आला त्या दिवशी परतीचं तिकीट किती पडेल ते बघत बसलो होतो. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, खडू उचलला आणि पहिलं गणित फळ्यावर पुन्हा सोडवायला लावलं. बाकी काही बोलले नाहीत. ते आजोबा मला पुन्हा कधी दिसले नाहीत, कारण पुढची तिकिटं दुसऱ्या बाजूची मिळाली. पण ती उशी पिळणारे हात अजून डोळ्यांसमोर आहेत.

ताई, तू ही पोस्ट वाचशीलच. त्याला आत्ता काही समजवायला जाऊ नकोस. रविवारी मी येतोय पुण्याला. दोन्ही चाचण्यांचे पेपर फेकू नका म्हणावं, मला हवेत. आम्ही दोघं बसून पहिल्या प्रश्नापासून सोडवणार आहोत.

एवढं लिहीपर्यंत ताईचा मेसेज आला. उठून दहीभात खाल्ला म्हणे त्याने.