बरबटीत विंचू नाही वो आत्या

तीन दिवस झाले, आमच्या आत्यानं घरात बरबटी (चवळी) शिजवणं बंद केलं. गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की लॅबमध्ये बरबटीच्या शेंगेत विंचवाचं जीन इंजेक्शननं टोचतात, खाल्लं की बाई वांझ होते, बी पुन्हा उगवत नाही, अन् माल बाजारात आला पण. सोबत सुई खुपसलेल्या शेंगेचा फोटो. वहिनीला पाचवा महिना चालू, तिच्याच ताटातली उसळ गेली. पाचव्या महिन्यातली बाई वांझ कशी होईल, विचारलं तर म्हणे पोटातल्या पोरीला होईल! म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

बाप्पा, सुई खुपसून जीन जात असतं तर आम्ही एमएस्सीला दोन वर्षं झक मारली काय? बी भिजवायचं, साल काढून ब्लेडनं दोन फाकी करायच्या, कोंबाजवळचा सांधा हलकासा खरवडायचा अन् ॲग्रोबॅक्टेरियमच्या पाण्यात बुडवायचं. हा मातीतलाच जिवाणू, झाडाच्या पेशीत स्वतःचा डीएनए सोडून गाठी आणतो. गाठीची जीन्स काढून तिथं आपल्याला हवं ते बसवतात. मग दोन-तीन दिवस अंधारात, मग अँटिबायोटिकच्या जेलीवर, तिथं जीन न गेलेले कोंब पांढरे पडून मरतात. शेंगवर्गीय पिकं यात महाहट्टी. माझ्या बाटल्यांत बहुतेक कोंब काळे पडले, उरलेल्यांवर बुरशी. शेंगेला तर कोणी हातच लावत नाही.

आता विंचू. नायजेरियानं 2019 मध्ये बीटी बरबटीला मंजुरी दिली, त्यातलं जीन बीटी नावाच्या मातीतल्या जिवाणूचं आहे, आपल्या कपाशीतल्या बीटीच्याच खानदानातलं. आपल्या तुरीची फुलं-शेंगा जाळ्यानं गुंडाळणारी जी अळी, तिच्यासाठी. अळी मरते हे खरं, मान्य. पण त्या जीनमुळं झाडात बनणारं प्रथिन अळीच्या आतड्यात ज्या जागी चिकटतं ती जागाच माणसाच्या आतड्यात नाही. वांझपणाचा इथं संबंधच काय? उलट गरोदर बाईला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व बरबटीत भरपूर, अन् तेच काढून घेतलं.

बी उगवत नाही हेही खोटं, नायजेरियाचं वाण सरळ आहे, संकरित नाही, शेतकरी घरचं बी पुन्हा पेरू शकतो.

बाजाराचं म्हणाल तर भारतात शेतात लावायला परवानगी मिळून पिकतं ते जीएम (जीन बदललेलं) पीक एकच, कपाशी, 2002 पासून. बीटी वांग्याला 2010 मध्ये थांबवलं. हां, चोरबीटीची, म्हणजे बिनपरवानगीच्या कपाशी बियाण्याची पाकिटं आपल्याकडं बिनाबिलाची विकतात अन् गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानत नाही, त्यामुळं लोकांचा भरवसा उडाला तर त्यात त्यांची चूक नाही. पण ती भानगड कपाशीची हाय, बरबटीची नाही.

अन् घरातली बरबटी कुठली? मागच्या साली आत्यानंच धुऱ्याकडेनं लावलेली, राखेत घोळून डब्यात ठेवलेली. डबा मी आज खाली काढला. वडे कोण करणार यावर अजून बोलणं चालू आहे.