हार-तुरे आवरा हो, आम्हाला सेट लावायचाय!

साडेपाचचा नाटकाचा प्रयोग, टेम्पो तीनपासून मागच्या दाराशी उभा, आणि स्टेजवर अजून सकाळच्या कार्यक्रमवाल्यांचे सत्कारच चालूयत. दर रविवारी हेच! 'फक्त दोन शब्द' म्हणत माइक धरलेला माणूस वीस मिनिटं सोडत नाही आणि आम्ही बॅकस्टेजवाले विंगेत फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती) धरून ताटकळतोय. सव्वाचारला स्टेज मिळालं तर त्यावर झेंडूच्या पाकळ्या, शालींच्या रिकाम्या पिशव्या, समईचं तेल सांडलेलं (पुसायचं कोणी? अर्थात आम्हीच). मग लेव्हल (सेटचे चौथरे), दरवाजे, सोफा, लाइट्सचं फोकसिंग सगळं तासाभरात कोंबायचं, चहा गेला उडत. एवढं करून तिसरी घंटा दहा मिनिटं लांबली की प्रेक्षकांच्या त्या तालातल्या टाळ्या कोणाच्या नावानं? आमच्याच!