सात भागिले दोन, उत्तर तीन, सही करा, पुढे चला

प्रॅक्टिकलची परीक्षा आटोपून घरी येऊन तीन तास झाले, जेवण झालं, भांडीसुद्धा घासून झाली, तरी डोकं शांत होत नाहीये.

सेकंड इयर, सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा. चिठ्ठीवरचा प्रश्न दरवर्षीचाच. अपूर्णांकाचा क्लास (आपण घडवलेला नवा डेटाप्रकार) लिहा, अंश आणि छेद ठेवा, बेरीज-वजाबाकीचे ऑपरेटर लिहा आणि शेवटी त्या अपूर्णांकाचं पूर्णांकात रूपांतर करून दाखवा. म्हणजे 'ऑपरेटर इंट' (इंट हा पूर्णांक साठवायचा प्रकार). लॅब मॅन्युअलमध्ये या रूपांतराची चाचणी एका ओळीत उरकली आहे: इनपुट ७ आणि २, आउटपुट ३. साठ मुलांच्या साठ फायलींत तेच ७, तेच २, तेच ३. एकाने फाइल पूर्ण करायची, बाकीच्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवायचा. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही शिक्षकांनी सह्या ठोकायच्या.

माझ्या बॅचमधल्या एका मुलीने मात्र काम केलं होतं. तिच्या फाइलमध्ये नऊ इनपुट होते. ७/२ होताच, पण -७/२, ७/-२, -७/-२, १/२, -१/२, ६/३, ०/५ आणि ५/० हेही होते. प्रत्येकापुढे आधी अपेक्षित उत्तर लिहिलेलं, मग प्रोग्रामचं उत्तर. ऋण चिन्ह छेदात आलं तर ते उचलून अंशाला द्यायचं, हे तिने कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे अपूर्णांक तयार होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये, केलं होतं. छेद शून्य असेल तर एक्सेप्शन फेकलं होतं, म्हणजे प्रोग्रामला चूक जाहीर करायला लावली होती. हे कोणीही सांगितलं नव्हतं, तिचं तिने केलं. मी वर्षभर घसा फोडून जे सांगते, ते साठांतल्या एकीने ऐकलं होतं.

एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, फाइल उघडली आणि पहिला प्रश्न काय विचारला? "मॅन्युअलमध्ये एवढं नाहीये, हे जास्तीचं का लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, टेस्ट केसेस आहेत." मग त्यांचं बोट -७/२ वर गेलं. तिचं उत्तर -३. ते म्हणाले, "चूक आहे. उणे साडेतीनचा पूर्णांक उणे चार. नंबर लाइनवर खालचा धरतात." तिने शांतपणे सांगितलं की सी प्लस प्लसमध्ये भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो, म्हणून -३, उणे चार पायथन या दुसऱ्या भाषेत येतं, तिथे दोन तिरक्या रेघांचा भागाकार खाली जातो. शब्द न् शब्द बरोबर! सी या मूळ भाषेत हा नियम १९९९ च्या मानकाने पक्का केला, सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या. त्याआधी ते कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडलेलं होतं. मी मध्ये बोलले, तर मला उत्तर मिळालं, "मॅडम, वेळ नाही, अजून चौदा जण बाकी आहेत." तिचे मार्क कापले. तिच्यानंतरच्या मुलाने ७, २, ३ दाखवलं, "व्हेरी गुड" ऐकलं आणि पूर्ण मार्क घेऊन बाहेर पडला.

मला संताप कशाचा येतो ते सांगते. एक्स्टर्नलला नियम आठवला नाही याचा नाही. माणूस आहे, विसरतो. पण समोर संगणक चालू होता! चालवून बघायला पाच सेकंद लागली असती. परीक्षा कशाची आहे? प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे तपासण्याची. आणि त्या खोलीत तपासणारी एकच व्यक्ती होती, मार्क तिचेच गेले.

त्या ७/२ मधून काय कळतं ते तरी बघा. साडेतीन छाटले तरी तीन, खाली नेले तरी तीन. म्हणजे मुलाला यांतला फरक माहीत आहे की नाही, हे त्या इनपुटमधून कळूच शकत नाही. फरक दिसतो तो शून्याच्या पलीकडे गेल्यावर, आणि नेमकं तिथेच मॅन्युअल थांबतं. गेल्या वर्षी एका फाइलमध्ये तर मला सरळ 'सीआउट ३' सापडलं होतं. भागाकारच नाही, नुसतं तीन छापलेलं. त्या फाइलवर आधीच एक सही होती.

आणि रूपांतर धोक्याचं का असतं? ते बोलत नाही म्हणून. एरर येत नाही, वॉर्निंग येईलच असं नाही, अर्धा गुपचूप गळून पडतो. याच क्लासमध्ये तुलनेचा ऑपरेटर लिहायचा राहिला आणि 'ऑपरेटर इंट'च्या आधी 'एक्सप्लिसिट' (मागितल्याशिवाय रूपांतर करू नको) लिहिलं नाही, तर साडेतीन तीनापेक्षा मोठे आहेत का, असं विचारल्यावर प्रोग्राम साडेतीनचे तीन करतो, तिनाची तिनाशी तुलना करतो आणि 'नाही' म्हणून सांगतो. मी हे वर्गात चालवून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून बघत होती. मुलांना यात रस नसतो हे साफ खोटं आहे. त्यांना दाखवलं जात नाही.

आमच्या एका लॅबमध्ये अजून तो निळ्या स्क्रीनचा जुना कंपायलर आहे, ज्यात इंट सोळा बिटांचा. मुलं टक्केवारीचा प्रोग्राम लिहितात. ६०० पैकी ४३७. आधी ४३७ भागिले ६०० करून मग शंभरने गुणलं की उत्तर शून्य, कारण भागाकारातच सगळं छाटलं गेलं. मग कोणीतरी सांगतं, आधी शंभरने गुण. गुणाकार ४३७००, पण सोळा बिटांत मावतात जास्तीत जास्त ३२७६७. आकडा उलटून -२१८३६ होतो आणि टक्केवारी येते उणे ३६. यावर मुलं काय करतात? मार्क बदलून २५० टाकतात, ४१ आलं की फाइलमध्ये चिकटवतात. कारण त्यांना आपणच शिकवलंय की उत्तर पटेल असा इनपुट शोधायचा. चूक सापडली की ती झाकायची!

हे कॉलेजपुरतं राहत नाही हो. फायनल इयरला कँटीनच्या बिलाचं प्रोजेक्ट करतात. १९.९९ रुपयांचे पैसे करायला शंभरने गुणतात आणि इंटमध्ये टाकतात. येतात १९९८. कारण १९.९९ हा आकडा बायनरीत नेमका मांडताच येत नाही, गुणाकार १९९८.९९९… असा येतो आणि कास्ट (हे पूर्णांकातलं रूपांतर) शेपूट कापून टाकतो. एका बिलात एक पैसा, कोणाला दिसणार? कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजारालाही दिसला नव्हता. १९८२ मध्ये तिथला निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक फेरगणनेत तीन दशांशांनंतरचं राउंड न करता छाटलं जात होतं, दिवसाला हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२५ च्या आसपास घसरला. हिशेब नीट करून पाहिला तेव्हा तो १०९८ च्या वर असायला हवा होता. बाजार पडलेलाच नव्हता, शेपटं कापली जात होती.

आणि ४ जून १९९६ चं एरियान ५ हे युरोपचं रॉकेट. चौसष्ट बिटांची दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात घालायला गेले, मावली नाही, आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे झाले. कोड एरियान ४ मधून उचललेला, नव्या रॉकेटच्या वेगाचे आकडे देऊन तपासलेलाच नव्हता. मॅन्युअल बदला, म्हणून मी हे उदाहरण मीटिंगमध्ये दिलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, आपण कुठे रॉकेट उडवतोय?" मग रॉकेट उडवणारी, बँकेची सॉफ्टवेअर लिहिणारी, हॉस्पिटलची मशिनं चालवणारी मुलं येतात कुठून? याच लॅबमधून येतात ना, याच फुटक्या माउसच्या पीसीवरून!

मॅन्युअल बदलायला किती खर्च येतो? एक पान. त्या मुलीचे नऊ इनपुट तसेच्या तसे छापा आणि दहावा मी देते: -२१४७४८३६४८ भागिले -१. उत्तर बत्तीस बिटांच्या इंटमध्ये मावत नाही आणि सरळ भागाकार केला तर आमच्या पीसीवर प्रोग्राम जागीच बंद पडतो. आणि तिच्यासारखं छेद धन करायला अंशाचं चिन्ह उलटवलं, तर तिथेही हा आकडा फसतो. तिच्याकडूनही हा सुटला होता, आणि ओरलमध्ये तिला हाच विचारायला हवा होता. विचार करायला लागली असती ती, मजा आली असती तिला.

निघताना कॉरिडॉरमध्ये भेटली. मार्कांबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, त्या पानावर लाल फुली आहे, ते पान काढून फाइल परत जमा करू का?" मी नाही म्हणाले. उद्या दुसऱ्या बॅचची परीक्षा आहे. सकाळी साडेनऊला, एक्स्टर्नल यायच्या आत, तिचे नऊ आणि माझा एक असे दहाही इनपुट मी लॅबच्या फळ्यावर लिहिणार आहे, अपेक्षित उत्तरांसकट. कोणाला पुसायचे असतील तर माझ्यासमोर पुसा.