रजईची सावली

परवा दुपारी आमची डबल बेडची रजई आमच्याच दारात, पायपुसण्यावर चौघडी घालून ठेवलेली सापडली. वर सेफ्टी पिनेनं टोचलेली चिठ्ठी : ‘सौर यंत्रणेस अडथळा. पुन्हा आढळल्यास जप्त.’ जप्त! अतिक्रमणातली हातगाडी आहे का ती? माहेरून आलेली रजई आहे.

दिवाळी आवरली की थंडीची तयारी म्हणून आम्ही गीझरवाल्याला फोन करतो (तो ‘उद्या येतो’ म्हणतो), स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास घालवतो आणि पांघरुणांना ऊन देतो. कापसाची रजई धुता येत नाही. धुतली की आत गोळे होतात आणि मग रात्रभर एक कोपरा उबदार, बाकी नुसतं कापड. पूर्वी पिंजारी यायचा, अंगणात बसून कापूस पिंजून द्यायचा. आता एक तर यंत्रावर पिंजायला द्या, नाहीतर नवीन घ्या. बाहेर कुणी काही म्हणो, ऊन मात्र अजून फुकट आहे, असा माझा समज होता.

चिठ्ठीचे कर्ते पाचव्या मजल्यावरचे काका. कमिटीत त्यांना कुठलंच पद नाही, त्यामुळे त्यांना पदावरून काढताही येत नाही. मी रजई काखोटीला मारून गच्चीवर गेले, तर भर उन्हात हाफ पँट आणि माकडटोपी घालून ते सोलरच्या पॅनलपाशी उकिडवे बसले होते. फरशीवर खडूनं रेघा, रेघांवर वेळा.

“काका, रजई तुम्ही काढलीत?”

“हलवली. काढली म्हणू नका. या, इथं उभ्या राहा. तिथं नको, तिथं साडेअकरा आहेत.”

मी साडेअकरावरून बाजूला झाले.

“सूर्य आता दक्षिणेला झुकलाय. सावल्या उत्तरेकडं पडतात, रोज लांबत जातात. तुमची दोरी पॅनलच्या दक्षिणेला. उद्या सकाळच्या अंघोळीचं पाणी आज दुपारी तापतं, मॅडम. म्हणजे तुमच्या रजईची सावली थेट माझ्या अंघोळीवर पडते.”

“तासभराच्या सावलीनं असा काय फरक पडणार?”

“बावीस डिसेंबरपर्यंत बघा तुम्ही!” हे त्यांनी एखाद्या गुंडानं धमकी द्यावी तसं सांगितलं.

“एवढी थंडी वाजते का तुम्हाला?”

“थंडी? ही? सतरा जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ होतं. एक पूर्णांक सात! त्याला थंडी म्हणतात. हे पंधरा-सोळा म्हणजे थट्टा आहे.”

“तुम्ही होतात तेव्हा?”

“वडील होते. विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ करायचे. तोंडातून शब्द काढायचे नाहीत.”

“मग तुम्हाला सोलर कशाला लागतो?”

काकांनी माकडटोपी कानांवर आणखी ओढली. “विषय रजईचा चाललाय.”

पुण्यात थंडी पडत नाही, तिची चर्चा पडते. शिवाजीनगरला किती, पाषाणला किती, मगरपट्ट्याला किती, हे आकडे सकाळी चहाबरोबर लागतात, आणि पाषाणच्या माणसाला आपल्याकडं दोन अंश कमी असल्याचा असा अभिमान, की वाटावं ते त्यांनीच घरी बनवलेत. ‘पुणे महाबळेश्वरपेक्षा गार’ ही बातमी आली की तर शहर फुगतं. त्यात पुण्याचं कर्तृत्व काही नाही. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्यानं निवते, जड झालेली गार हवा उतारावरून सखल भागात येऊन साचते आणि डोंगरमाथ्यावरचं महाबळेश्वर त्यातून वाचतं. थोडक्यात, आपण खड्ड्यात आहोत. रस्ते बघता हे नवीन नाही.

पण मला खरा राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या सोलरसाठी माझी रजई बेघर झाली, त्याचं गरम पाणी आम्हा दुसऱ्या मजल्यावाल्यांना मिळतच नाही. टाकी गच्चीवर, पाइप उघडा, त्यावर उष्णतारोधक वेष्टण नाही. रात्रभर पाइपात निवलेलं पाणी सकाळी आधी आमच्याच नळाला येतं. ते बादल्या भरभरून सोडायचं, कोमट धार लागेपर्यंत मुलाची स्कूलबस येते. पाचव्या मजल्यावर नळ उघडला की वाफा. आणि हे सोडून दिलेलं पाणी टँकरचं, पैसे मोजून घेतलेलं! पाइपाला वेष्टण घाला म्हणून मी मागच्या मीटिंगमध्ये बोलले, तर ‘खर्चाचा विषय आहे, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’. वर मेंटेनन्समध्ये सोलरच्या देखभालीचे पैसे मजला न बघता सगळ्यांना सारखेच. तिथं कुणी खडूनं रेघ मारत नाही.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, “लेखी द्या.”

लेखी दिलं. पाइपाबद्दल अजून कुणी ब्र काढलेला नाही, पण रजईवर मात्र तातडीनं निर्णय झाला. ग्रुपवर वेळापत्रक आलं : पांघरुणं वाळवण्यासाठी विंगनिहाय वार, रजई, गोधडी आणि दुलई यांची आगाऊ नोंद आवश्यक, उशांचा विचार स्वतंत्रपणे. आमच्या वाट्याला गुरुवार, दुपारी चार ते पाच. चारला शेजारच्या बारा मजली इमारतीची सावली आमची अख्खी गच्ची व्यापते, पॅनलसकट. हे मी काकांना दाखवलं, त्यांच्याच खडूनं रेघ मारून. त्यांनी वाकून रेघ पाहिली, बरोबर आहे म्हणाले.

“मग त्यांनाही चिठ्ठी टोचा ना, काका.”

“बिल्डरला? छे! आपला अधिकार कंपाउंडपर्यंत.”

आणि त्यांनी माझ्या रेघेवर वेळ लिहिली.